मळवली ते मळवली : लेण्यांच्या डोंगराला एक दिवसाची फेरी

थंडी पडली की आपल्या वस्त्यांतून सहलींचे बेत सुरू होतात. महिला मंडळ वर्गणी काढते, कोणीतरी टेम्पो ठरवते आणि रविवारी सकाळी निघालेली मंडळी कार्ले-भाजे करून संध्याकाळी घरी येतात. लेण्यात त्रिसरण-पंचशील होते, फोटो निघतात, पायथ्याशी डबे सोडले जातात. हे सारे चांगलेच आहे. पण ज्या डोंगराच्या पोटात ते लेणे कोरले आहे, तो डोंगर मात्र पाहायचा राहून जातो. तो कोठून चढतात, वर काय आहे, पलीकडे कोणते खोरे दिसते, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

वाचक बंधू-भगिनींनो, यंदाच्या हिवाळ्यात एक रविवार टेम्पोला सुट्टी द्या. पुण्याहून लोकलने मळवलीला उतरायचे, भाजे गावातून गायमुख खिंडीत जायचे, तेथून विसापूर किल्ला चढायचा, माथ्यावरून चालत दुसऱ्या अंगाने उतरायचे, दिवस कलताना भाजे लेण्यांत पोहोचायचे आणि पुन्हा मळवलीला यायचे. गेलेल्या वाटेनेच परत येणे नाही. डोंगराला चक्क एक फेरी होते. चढ सुमारे चारशे-साडेचारशे मीटरचा. मध्ये विसावा, जेवण आणि पाहणे धरून सात-आठ तास लागतात. धडधाकट माणसाला आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाला जमेल अशी ही चाल आहे. फार सोपी नाही, फार अवघडही नाही.

चालण्याला धम्मात मान आहे

काहींना वाटेल, डोंगर चढणे हा कॉलेजातल्या हौशी पोरांचा छंद. बालबच्चे असलेल्यांचे ते काम नव्हे. त्यांनी अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात काय सांगितले आहे ते आठवावे. चालण्याचे, म्हणजे चंक्रमणाचे, पाच लाभ तेथे मोजले आहेत. माणूस लांबच्या प्रवासाला तयार होतो, कष्टाला तयार होतो, निरोगी राहतो, खाल्लेले नीट पचते आणि चालताना साधलेली चित्ताची एकाग्रता जास्त काळ टिकते. आजचा डॉक्टर याहून वेगळे काय सांगतो?

भिक्खूंचे जीवनच चालण्याचे होते. पावसाळ्याचे तीन महिने वर्षावास, एरवी चारिका. लेणी ही त्या चालणाऱ्या माणसांची पावसाळ्यातली घरे. ती आडरानात कोरली असे आपल्याला वाटते, पण त्या काळी हे आडरान नव्हते. सोपारा-कल्याणच्या बंदरांवरून बोरघाट चढून देशावर येणारा व्यापाराचा रस्ता याच इंद्रायणीच्या खोऱ्यातून जात होता. भाजे, कार्ले, बेडसे ही लेणी त्या रस्त्याच्या आजूबाजूची. म्हणून ही लेणी पायी पाहिली की त्यांचा अर्थ जास्त कळतो.

लोकलच्या खिडकीतून

सकाळची शक्य तितकी लवकरची लोणावळा लोकल धरा. शिवाजीनगर, खडकी, दापोडी, पिंपरी, चिंचवड करत गाडी देहूरोडला येते. मुलांना येथे खिडकीशी बसवा आणि सांगा की २५ डिसेंबर १९५४ रोजी याच देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधीची ही गोष्ट.

देहूरोड सोडले की घोरवडेश्वराचा डोंगर येतो. त्याच्या अंगावर शेलारवाडीची लेणी आहेत. तेथल्या एका शिलालेखात लेणे दान देणाऱ्या बाईचे नाव आहे : सिअगुतणिका. धेनुकाकटचा शेतकरी उसभणक याची ती पत्नी. लेखात उसभणकाला नांगर धरणारा म्हटले आहे. मुलगा नंद याच्यासह तिने लेणे दान दिले. लेणी फक्त राजेरजवाड्यांनी आणि शेठसावकारांनी कोरवली असे ज्यांना वाटते, त्यांनी हे नाव पाठ करावे. नांगरधाऱ्याच्या बायकोने कोरवलेले लेणे आपल्या लोकलच्या रस्त्यावर आहे आणि आपण रोज त्याच्याजवळून कामाला जातो-येतो!

तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत आणि मग मळवली. लोणावळ्याच्या आधीचे हे स्टेशन. पुण्याहून सव्वा तासाच्या आसपास वेळ लागतो.

खिंडीपर्यंत

स्टेशनबाहेर पडून भाज्याच्या रस्त्याला लागले की द्रुतगती मार्गावरचा पूल लागतो. खाली गाड्या सुसाट धावत असतात. पूल ओलांडून अर्ध्या-पाऊण तासात भाजे गाव येते. समोर डावीकडे लेण्यांच्या पायऱ्या दिसतात. मन ओढ घेते, पण आता तिकडे वळू नका. भाज्याची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी ती सावलीत असतात. दुपार कलल्यावर ऊन थेट चैत्यगृहात शिरते. म्हणून ती शेवटी पाहायची.

गावातून रस्ता वळणे घेत गायमुख खिंडीकडे चढतो. सव्वा ते दीड तासाची ही चढण आहे. सुट्टीच्या दिवशी लोहगडकडे जाणाऱ्या गाड्यांची वर्दळ असते, तेव्हा मुलांना कडेने चालवा. खिंडीत उभे राहिले की उजव्या हाताला लोहगड आणि डाव्या हाताला विसापूर. लोहगड १,०३३ मीटर उंच, विसापूर १,०८४ मीटर. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात लोहगड आहे. त्याला दरवाजे आहेत, नीट पायऱ्या आहेत, म्हणून गर्दी सगळी तिकडे. विसापूर उंचीने आणि विस्ताराने मोठा असूनही मागे पडला. आपल्याला गर्दी नको आहे. आपण डावीकडे वळू.

खिंडीतून विसापूरच्या पायथ्याच्या झाडीतून वाट जाते आणि एका घळीशी येते. घळीत मोठमोठे धोंडे आहेत आणि त्यांच्या मधून जुन्या दगडी पायऱ्या वर गेल्या आहेत. हिवाळ्यात ही घळ कोरडी असते. हात-पाय टेकत, एकमेकांना हात देत माणसे आरामात चढतात. पावसाळ्यात मात्र याच पायऱ्यांवरून धबधबा वाहतो. त्या पाण्यातून चढायचे फोटो तरुण मंडळी हौसेने काढतात, पण शेवाळलेल्या दगडावरून पाय सुटला तर खाली धोंडेच आहेत. लहान मुले आणि वयस्कर माणसे घेऊन पावसात या घळीत जाऊ नये. ऑक्टोबर संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ आपल्यासाठी उत्तम.

माथ्यावर : तटबंदी आणि टाकी

वर आले की एकदम मोकळे पठार. लांबच लांब तटबंदी, पिवळे पडलेले गवत, एक प्रचंड दगडी चाक, पडक्या वास्तूंचे चौथरे आणि जागोजागी खडकात खोदलेली पाण्याची टाकी. पश्चिमेला लोहगड आणि त्याची विंचवाच्या नांगीसारखी लांब गेलेली सोंड. दक्षिणेला पवनेचा जलाशय, त्याच्या पलीकडे तुंग आणि तिकोना. उत्तरेला इंद्रायणीचे खोरे, रेल्वेचा रूळ आणि समोरच्या डोंगरात कार्ल्याची लेणी.

४ मार्च १८१८ रोजी इंग्रजांनी हा किल्ला घेतला आणि लागलीच लोहगडही पडला. विसापूर उंच, त्याच्या माथ्यावर तोफा आल्या की शेजारचा लोहगड टिकणे अवघड. कोरेगाव भीमाच्या लढाईनंतरच्या दोन महिन्यांतली ही घटना आहे. पेशवाईचा शेवट कसा झपाट्याने झाला ते या दोन तारखा शेजारी ठेवल्या की मुलांना समजते.

येथे एखाद्या टाक्याच्या कडेला बसून डबे सोडावेत. आणि टाक्याकडे पाहत एक हकीकत घरातल्या मुलांना जरूर सांगावी.

१९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचे ठरले. हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. प्रवासाने सगळे धुळीने माखलेले. किल्ल्याच्या बाहेर एक दगडी बांधणीचे, काठोकाठ भरलेले तळे होते. मंडळींनी तेथे हात-पाय-तोंड धुतले आणि ती दरवाजाशी गेली. मागून एक पांढऱ्या दाढीचे वृद्ध मुसलमान गृहस्थ ओरडत आले की या लोकांनी तळे बाटवले. पाहता पाहता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली, प्रकरण मारामारीवर येऊन ठेपले. शेवटी आत सोडले ते एका अटीवर : किल्ल्यात कोठेही पाण्याला शिवायचे नाही. आणि अट पाळली जाते की नाही हे पाहायला बरोबर हत्यारी शिपाई दिला. बाबासाहेबांनी स्वतः ही आठवण ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लिखाणात नोंदवली आहे. हिंदूंच्या लेखी जो अस्पृश्य, तो इतर धर्मीयांच्या लेखीही अस्पृश्यच ठरतो, हे त्यांना त्यातून दाखवायचे होते. म्हणजे रोग एका धर्मापुरता नव्हता. तो सबंध समाजात भिनला होता.

लक्षात घ्या, चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. त्यानंतर सात वर्षांनी हे घडले. बाबासाहेब तेव्हा गोलमेज परिषदा करून आलेले, देशभर माहीत असलेले पुढारी होते. तरीही सहलीला निघालेल्या या माणसाला एका किल्ल्यात पाण्यावरून हटकले गेले. डोंगर-किल्ले पाहणे ही आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला साधी हौस नव्हती. घरून निघताना त्यांच्या मनात पहिला प्रश्न पाण्याचा असे.

आता संविधानाचे पंधरावे कलम उघडा. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि लोकांच्या वापराच्या जागा, ज्या सरकारी पैशातून राखल्या जातात किंवा जनतेसाठी दिल्या आहेत, तेथे धर्म, जात, वंश, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. हे कलम पुस्तकात वाचताना रुक्ष वाटते. विसापूरच्या टाक्याच्या कडेला बसून वाचा. तलाव, रस्ता, सार्वजनिक जागा, प्रत्येक शब्दामागे कोणाची तरी तहान उभी आहे. २६ जानेवारी १९५० पासून तो आपला हक्क आहे आणि हक्क वापरला नाही तर तो कागदावरच राहतो. आपण सहकुटुंब डोंगर चढतो तेव्हा तो हक्क वापरतच असतो.

पाण्याचा प्रश्न म्हणून मिटला असे मात्र नाही. समोर जो पवनेचा जलाशय दिसतो त्याचे पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना येते. आपल्यातले किती तरी वाचक ते पितात. तेच पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तीन जण मरण पावले. नळ उघडताना हेही आठवावे, म्हणून हा जलाशय डोंगरावरून एकदा पाहिलेला बरा.

उतार

माथ्यावर तास-दीड तास फिरून भाज्याच्या बाजूला उतरणारी वाट धरायची. जुन्या पायऱ्या आहेत, पण जागोजागी मोडलेल्या. वाटेत मारुतीचे देऊळ लागते. पुढे झाडीत गुरांच्या वाटा फुटतात आणि तेथे नवखा माणूस हमखास घोटाळतो. यासाठी सकाळीच भाजे गावात एखादा माहीतगार ठरवून बरोबर घ्यावा आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. डोंगर त्याचा रोजचा आहे. आपले दोन तास आणि काळजी दोन्ही वाचतात. उतरताना घाई नको. गुडघे चढताना दुखत नाहीत, उतरताना दुखतात. एक काठी हाती असली तर मोठा आधार होतो.

ज्यांना चढ झेपणार नाही, अशा आजी-आजोबांनी घरी बसू नये. त्यांनी दुपारनंतरच्या गाडीने मळवलीला यावे, रिक्षाने भाज्याला यावे आणि पायऱ्या सावकाश चढून लेण्यांत थांबावे. डोंगरावरून उतरलेली पोरे आणि खालून आलेले आजोबा लेण्यात भेटले, की सहल सगळ्या घराची होते.

चैत्य, स्तूप आणि एक पाणपोढी

भाज्याला एकूण २२ लेणी आहेत. त्यांची सुरुवात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. मधले मोठे चैत्यगृह दुरूनच ओळखू येते. त्याची पिंपळपानासारखी भव्य कमान डोळ्यांत भरते. आत अष्टकोनी खांबांच्या रांगा आहेत आणि ते सरळ उभे नसून किंचित आत कललेले आहेत. लाकडी घर बांधताना छताचा भार पेलायला खांब तिरके ठेवत, तीच रीत दगडात उतरली. छताला जुन्या लाकडी कमानी अजून आहेत. स्तूप साधा, गोल, नक्षीविना. या काळी बुद्धाची मूर्ती कोरण्याची पद्धत नव्हती. स्तूपाभोवती प्रदक्षिणा हीच वंदना. म्हणजे येथेही चालणेच आले.

चैत्यापासून पुढे गेले की १४ स्तूपांचा समूह लागतो. काही गुहेत, काही बाहेर. त्यांतल्या काहींवर थेरांची नावे आहेत : धम्मगिरी, संघदिन. येथे राहून, येथेच देह ठेवलेल्या वडीलधाऱ्या भिक्खूंची ही स्मारके. शेवटच्या विहारात रथातला स्वार, हत्तीवरचा स्वार, वाद्य वाजवणारी बाई आणि नाचणारी बाई कोरली आहे. स्वार कोण, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. वाद्य वाजवणारीच्या बोटांचा ठेका मात्र अजून ऐकू येईल असा आहे.

आणि पाण्याची टाकी. ती पाहिल्याशिवाय परतू नका. तोंड लहान, आत पोट मोठे. त्यामुळे ऊन लागत नाही आणि पाणी आटत नाही. कातळावरून येणारे पावसाचे पाणी पन्हाळी खोदून त्यात वळवलेले असते. अशा एका टाक्यावर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत लेख आहे. कोसिकीचा पुत्र महारठी विण्हुदत याने ही पोढी धर्मार्थ दिली, असा त्याचा अर्थ. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. महारठी हा त्या काळचा मोठा अधिकारी. त्याला सोन्याचे दान देता आले असते, स्वतःचा पुतळा कोरता आला असता. त्याने डोंगरात पाणी दिले. लेखात त्याने आईचे नाव पुढे घातले आहे आणि पाणी कोणी प्यावे, कोणी पिऊ नये, याबद्दल एक अक्षर लिहिलेले नाही.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना

माणशी तीन लिटर पाणी घरूनच न्या. टाक्यांतले पाणी आता सगळीकडे पिण्याजोगे राहिलेले नाही. भाकरी, चटणी, सुकी भाजी, उकडलेली अंडी, गूळ-शेंगदाणे पुरेत. खिंडीत ताक, लिंबू सरबत, पिठले-भाकरी विकणाऱ्या गावच्या बाया असतात; त्यांच्याकडून अवश्य घ्या. पायात पकड असलेले बूट असावेत, चपला-सँडल नकोत. डोक्याला टोपी किंवा पदर. बरोबर शिट्टी, बॅटरी, मलमपट्टी. परतीच्या लोकलचे वेळापत्रक निघण्यापूर्वी पाहून ठेवा. लेण्यांना तिकीट आहे आणि संध्याकाळी ती बंद होतात, तेव्हा चारच्या सुमारास तेथे पोहोचेल असा हिशेब ठेवा.

कातळावर आग्या मोहोळे असतात. त्यांच्याजवळ धूर करू नये, आरडाओरड करू नये, भडक वासाचे अत्तर लावून जाऊ नये. माशा उठल्याच तर डोके झाकून, हात न झटकता, तेथून दूर व्हावे.

आणि एक सूचना खास आपल्यासाठी. स्तूपाशी मेणबत्त्या आणि अगरबत्त्या लावण्याची आपल्याला सवय आहे. श्रद्धा खरी असते, पण काजळी दगडात मुरते. हार, हळद-कुंकू, शेंदूर वाहणाऱ्यांवर आपण रागावतो. मग आपल्या मेणबत्तीचा डाग तरी वेगळा कसा? मेणबत्ती घरी लावा, लेण्यात हात जोडा. संविधानाने पंधराव्या कलमात हक्क दिला, तसे ५१-अ कलमात वारसा आणि निसर्ग जपण्याचे कर्तव्यही सांगितले आहे. भिंतीवर आपले किंवा आपल्या मंडळाचे नाव खरडणाऱ्या पोराचा हात तेथेच धरावा आणि त्याला विण्हुदताचे नाव दाखवावे. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी काही दिले, त्यांची नावे या दगडावर आहेत. ज्याने काही दिले नाही त्याने नाव कशाला कोरावे?

घरातली बाई या बेतातून वगळू नका. सहलीचा स्वयंपाक तिने करायचा आणि डोंगर पुरुषांनी चढायचा, असे होता कामा नये. आदल्या रात्री भाकऱ्या सगळ्यांनी मिळून थापाव्यात. सकाळच्या लोकलला तीही मोकळ्या हाताने निघाली पाहिजे. शेलारवाडीच्या सिअगुतणिकेने लेणे दिले. तिच्या लेकींना त्या लेण्यांच्या डोंगरावर चढायला एक रविवार मिळावा, यात जास्त काही मागितले असे नाही.